मॅडम, फक्त एक सही

सकाळी ७.२०

जुलैचा शेवटचा आठवडा. पावसानं उघडीप म्हणून दिलेली नाही. आमचं महाविद्यालय नाशिकच्या पश्चिमेला, एका तालुक्याच्या गावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. कला आणि वाणिज्यचे तास सकाळचे, विज्ञान शाखा दिवसभर. पहिली एसटी साडेसातच्या आसपास येते आणि फाटकापाशी छत्र्यांची एकच गर्दी होते. ज्यांच्याकडे छत्री नाही त्यांच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. पदवीच्या पहिल्या वर्षाची पोरं आधी ती खोळ फाटकाबाहेर कुठंतरी दडवून आत येतात. महिनाभरानं बिनदिक्कत वर्गाच्या खिडकीला टांगतात. तेव्हा समजायचं, पोरगं कॉलेजात रुळलं.

मी अर्थशास्त्र शिकवते. पावणेआठला द्वितीय वर्ष कलाचा तास असतो आणि आज निम्मी बाकं रिकामी आहेत. आवणी सुरू आहे. खाचरात पाणी उभं असेपर्यंत भाताची रोपं लावून झाली पाहिजेत, त्यामुळे घरातला प्रत्येक हात चिखलात. आज यांच्या शेतात, उद्या शेजाऱ्याच्या. कागदावर ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि तो मोडीत काढावा असं माझं म्हणणं नाही. पण गैरहजेरीच्या रकान्यात मी बारीक पेन्सिलनं ‘आ’ लिहून ठेवते. हा आवणीचा ‘आ’ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुसायला लागतो. ज्याचा पुसला गेला नाही त्याच्या घरी फोन करायचा. कॉलेज सोडून जाणारा विद्यार्थी ‘मी सोडतोय’ असं सांगून जात नाही, तो नुसता येईनासा होतो. हजेरीपत्रक नीट वाचणं हा विद्यार्थी साहाय्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

सकाळी ८.४५

तास संपवून माझ्या दुसऱ्या टेबलाशी. मी विद्यार्थी विकास अधिकारी आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी कल्याण मंडळाचं विद्यार्थी विकास मंडळ केलं. आमच्याकडे पाटी नवी आली, टेबल तेच राहिलं. स्टाफरूमच्या टोकाला, दोन कपाटांच्या आडोशाला. आडोसा मी मुद्दाम मागून घेतला आहे.

इथं कोणी ‘मला मार्गदर्शन हवं’ म्हणून येत नाही. हातात कागद असतो. बोनाफाईडचा अर्ज, पासचा फॉर्म, शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रिंट, वडिलांच्या सहीची जागा रिकामी असलेलं हमीपत्र. आणि वाक्य ठरलेलं: ‘मॅडम, फक्त एक सही पाहिजे होती.’ सही करायला दहा सेकंद लागतात. मी सही करते, पण त्याआधी फॉर्मवर नसलेला एखादा प्रश्न विचारते. कुठल्या गाडीनं आलास? कोणाकडं राहतेस? हा मोबाईल नंबर कोणाचा? दहातल्या आठ वेळा उत्तर साधं असतं आणि पोरगं कागद घेऊन पळतं. उरलेल्यांसाठी खुर्ची पुढं ओढावी लागते.

सकाळी ९.१५

आज खुर्च्या कमी पडल्या. द्वितीय वर्षात आलेल्यांना मेजर आणि मायनर ठरवायचंय आणि फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं २०२० साली. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून लागू झालं, आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीनं शिकायचे, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, आणि तो आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. त्याच्या जोडीला एईसी, एसईसी, व्हीएससी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४. पोरं याला ‘एबीसीडी’ म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

या अक्षरांतली निम्मी अक्षरं पोरांनी लक्षात ठेवायची गरज नाही, ते आमचं काम. त्यांच्या कानावर दोनच गोष्टी घालते. मेजर हा पुढच्या शिक्षणाचा रस्ता आहे, कारण एम.ए.ला, बी.एड.ला पदवीचा विषय विचारला जातो. आणि मायनर म्हणजे उरलेला विषय नव्हे.

आज तिघं मित्र एकत्र आले, तिघांचंही भूगोल मेजर ठरलेलं. का? ‘एमपीएससीला बरा पडतो.’ कोणी सांगितलं? ‘लायब्ररीतल्या दादानं.’ हा लायब्ररीतला दादा प्रत्येक तालुक्याच्या गावात असतो. वय तिशीच्या आसपास, सहा-सात पूर्वपरीक्षा दिलेल्या, सल्ला फुकट. त्याची चेष्टा मी करत नाही, कारण तो पोरांना वेळ देतो, आणि आम्ही पुष्कळदा देत नाही. पण त्याची माहिती जुन्या पद्धतीची आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, त्यात वैकल्पिक विषयाचे दोन, मिळून ५०० गुण. पानंच्या पानं लिहावी लागणार. तेव्हा विषय ‘बरा’ कोणाला पडतो, ज्याला त्यावर तीन तास लिहिता येतं त्याला.

मी तिघांच्या दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मधल्या पोराचे राज्यशास्त्राचे गुण भूगोलापेक्षा चांगले वीस टक्क्यांनी वर. त्याला विचारलं, ‘गेल्या वर्षी कोणीही न सांगता कोणतं पुस्तक उघडलंस?’ तो बराच वेळ मित्रांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, ‘ग्रामपंचायतीचं. म्हणजे पंचायतराजचं. आमच्या गावात पेसाची ग्रामसभा असते ना.’ त्याचे मित्र हसले. मी त्याला फॉर्म कोरा ठेवून उद्या एकटा ये म्हणाले. तिघांपुढं त्याचं मत बदलायला लावणं म्हणजे त्याला मित्रांपासून तोडणं, आणि त्या वयात विषयापेक्षा मित्र मोठे असतात.

सकाळी १०.३०

कार्यालयातले मामा एक कागद घेऊन आले. ‘भाऊसाहेबांनी दिलाय. टीसीचा अर्ज. पोरगी बाहेर उभी आहे.’

टीसी मागायला कोणी आलं की अर्ज आधी माझ्याकडं पाठवायचा, असं आमचं आणि कार्यालयाचं आपसात ठरलेलं आहे. नियम नाही, शिरस्ता. मागितला तर दाखला द्यावाच लागतो, अडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण पाच मिनिटं बोलायला कोणाची हरकत नसते.

अर्ज वहीच्या फाडलेल्या पानावर. प्रथम वर्ष विज्ञान. प्रवेश घेऊन जेमतेम महिना झालेला. कारण: ‘घरगुती अडचण’. टीसीच्या निम्म्याहून जास्त अर्जांत हेच दोन शब्द असतात. लग्न, कर्ज, वडिलांची दारू, मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात गेली, इंग्रजी समजत नाही, हे सगळं ‘घरगुती अडचण’ या एका छत्राखाली मावतं.

पोरगी आत आली ती दाराशीच थांबली. ओल्या चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. मी बसायला सांगितलं, पण ती खुर्चीच्या कडेला टेकली, उठायच्या तयारीत. लग्नाचं वगैरे मी पहिल्यांदा कधीच विचारत नाही. असेल तर ती ‘नाही’च म्हणेल आणि मग त्या ‘नाही’ला धरून बसावं लागेल. विचारलं, ‘कुठल्या गाडीनं येतेस?’

‘सहाच्या. मग फाट्यावर बदलायची.’

‘आणि जातेस कुठल्या?’

इथं ती अडली. जायची शेवटची थेट गाडी पावणेपाचची. मग मंगळवारी आणि बुधवारी? तिनं मान खाली घातली. मंगळवार-बुधवार दुपारी रसायनशास्त्राचं आणि प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक, पाचला सुटतं. वही तपासून घेईपर्यंत सव्वापाच. मग काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी. किती? ‘दोन-अडीच किलोमीटर असेल.’ या पावसात सात वाजता तिथं मिट्ट काळोख. गेल्या बुधवारी बाप बॅटरी घेऊन फाट्यावर आला होता. दिवसभर आवणी करून आलेला माणूस. येताना रस्ताभर काही बोलला नाही, घरी आल्यावर म्हणाला, बास झालं.

त्यात पासाचं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून. कॉलेजात आलं की मासिक पासाला दोन तृतीयांश सवलत असते, पण उरलेला तिसरा हिस्सा रोख भरावा लागतो. बारावीपर्यंत शिक्षणाचा जो खर्च घरात दिसत नव्हता तो आता महिन्याच्या महिन्याला दिसायला लागला. जीपचे पैसे वेगळेच. फी शिष्यवृत्तीत जाईल, हे बापाला कोणी सांगितलं असेल तरी फी त्याच्या खिशातून जात नव्हतीच. जात होतं ते जीपचं भाडं.

वसतिगृहाचा अर्ज भरलाय का? भरलाय, आदिवासी विकास विभागाच्या. यादी लागायची आहे. तिथं जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. तिला हे माहीत नव्हतं. पण हे पुढचं झालं. बुधवार परवा नाही, उद्या आहे.

मी रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांकडं गेले. सर शिस्तीचे. बॅचेस रोल नंबरप्रमाणं, वीस-वीसच्या. ड्रॉवर दिलेले, काचसामान नावावर चढलेलं. एकाला बदलून दिलं की उद्या दहा जण येतील. त्यांचं बरोबर आहे. दहा येतात, मी पाहिलंय. म्हणून मी तोंडी विनंती न करता अदलाबदल सुचवली. सकाळच्या ए बॅचमधली कोणी गावातच राहणारी मुलगी दुपारी जायला तयार असेल तर? सरांनी चष्मा वर केला. ‘दोघींचा लेखी अर्ज आणा. आणि प्राणिशास्त्राचं तुम्ही बघा.’ गावात राहणारी मुलगी सापडायला पंधरा मिनिटं लागली. तिला उलट सकाळी शिकवणी होती, ती खूश. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी कपाळाला आठ्या घालून का होईना, हो म्हटलं.

टीसीचा अर्ज मी माझ्या डायरीत ठेवला. पोरीला म्हटलं, ‘वडिलांचा नंबर दे.’ त्यांचा फोन घरी लागत नाही, वरच्या टेकाडावर लागतो. ते रात्री तिथं जातात तेव्हा करतील, म्हणाली.

नव्या धोरणात एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तरी सर्टिफिकेट मिळतं, अर्थात ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर. तीन वर्षांत परत येता येतं, सात वर्षांत पदवी पुरी करायची. कागदावर सोय उत्तम. शहरातल्या पोराला नोकरी करून परत यायला ती उपयोगी पडेलही. आमच्याकडं एकदा बाहेर पडलेली पोरगी परत येईल यावर मी तरी भिस्त ठेवणार नाही. आणि तिसऱ्याच आठवड्यात सोडणाऱ्याच्या पदरात तर सर्टिफिकेटही पडत नाही.

सकाळी ११.४५

कार्यालयाची खिडकी. आतल्या भाऊसाहेबांपुढं दोन रांगा: एक निकालवाल्यांची, एक शिष्यवृत्तीवाल्यांची.

निकालवाल्यांना मी एवढंच सांगते की थेट पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा, बेरीज चुकली आहे का, एखादा प्रश्न तपासायचा राहिला आहे का ते बघा, मगच पुढचा अर्ज. मुदत दिवसांवर असते, म्हणून आजच. आणि एटीकेटी लागली म्हणजे वर्ष गेलं, असं समजून घरी सांगून मोकळे झालेले दरवर्षी दोघं-तिघं निघतात. ठरलेली क्रेडिट हातात असली तर पुढच्या वर्षाचा प्रवेश मिळतो, राहिलेला विषय मागाहून सोडवायचा. गुणपत्रिकेवर हे लिहिलेलं असतं, पण गुणपत्रिकेच्या भाषेत.

शिष्यवृत्तीचं प्रकरण वेगळं. आज एकजण आला, तृतीय वर्षाचा. गेल्या वर्षीचा निर्वाह भत्ता मंजूर, पोर्टलवर ‘वितरित’ दिसतो, आणि बँकेच्या पासबुकात एक रुपया नाही. बँकेत तीन चकरा मारून आलेला. चिडलेला, पण आमच्यासमोर कसाबसा दाबून धरलेला.

भाऊसाहेबांनी पासबुकाकडं पाहिलंसुद्धा नाही. ‘आधार कुठल्या बँकेला मॅप आहे ते काढ आधी.’ इथंच नव्वद टक्के गाडी अडते. डीबीटीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत, ते आधार क्रमांकावर जातात. आणि आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडला गेला, त्या बँकेच्या खात्यात पडतात. पोरानं डोकं खाजवलं. मोबाईलवर आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून पाहिलं तर भलतीच बँक. मग आठवलं: बारावीच्या सुट्टीत तो नाशिकला एका कारखान्यात कामाला होता. तिथल्या ठेकेदारानं पगारासाठी सगळ्या पोरांची खाती एका रांगेत उघडून घेतली होती, अंगठा लावून. काम सुटलं, एटीएम कार्ड ठेकेदाराकडंच राहिलं. शिष्यवृत्ती तिथं जाऊन बसली होती.

भाऊसाहेबांनी कागदाच्या कपट्यावर क्रमानं लिहून दिलं: त्या बँकेच्या जवळच्या शाखेत आधार आणि फोटो घेऊन जा, केवायसी पुन्हा कर, कार्ड बंद करून नवं माग, पैसे काढ, मग आपल्या गावच्या बँकेत आधार जोडायचा फॉर्म दे आणि आठ दिवसांनी मॅपिंग परत तपास. ‘पैसे काढल्याशिवाय मॅपिंग बदलू नको,’ मी वरून बजावलं. बदललं तरी जुने पैसे तिथून हलत नाहीत, पण पोरं मग त्या खात्याचं नावच टाकतात.

भाऊसाहेबांना पदवी वाणिज्यची आणि पद कनिष्ठ लिपिकाचं. पण या तालुक्यात किती पोरांची शिक्षणं त्यांच्या त्या कपट्यांवर तरली, याचा हिशेब कुठल्याही अहवालात यायचा नाही.

याच रांगेत एबीसीचे घोळही येतात. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून काढायचा असतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठं वडिलांच्या नावात ‘राव’ जास्त, कुठं जन्मतारीख १ जून. आश्रमशाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे टाकलेली १ जून ही तारीख इथल्या कित्येकांना वीस वर्षांनी गाठते.

दुपारी १२.५०

डबा. स्टाफरूममध्ये आज विषय मेंटॉर डायऱ्यांचा, कारण नॅकची तयारी सुरू झाली आहे. नॅकच्या सात निकषांतला पाचवा पूर्ण विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीचा. प्रत्येक शिक्षकाकडं पंचवीस-तीस विद्यार्थी पालकत्वाला दिलेले, प्रत्येकाच्या नावे डायरी, दर महिन्याला भेटीची नोंद. समिती यायच्या आधी या डायऱ्या एकाच निळ्या शाईनं, एकाच बैठकीत भरल्या जातात, हे सगळ्यांना माहीत आहे, समितीलाही असावं.

मी याला लबाडी म्हणत नाही, निदान सरसकट म्हणत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं सहायक प्राध्यापकानं आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचं. पालक-शिक्षकाचं काम त्या सोळात धरत नाहीत. आणि आमच्याकडं निम्मे शिक्षक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, ऐकून घेतलेल्या गोष्टीचे नाहीत. तरी पोरं सगळ्यात जास्त त्यांच्याच भोवती असतात, कारण वयानं जवळ. आमच्या एका सीएचबीच्या सरांची डायरी कोरी आहे आणि त्यांच्या पंचवीसपैकी एकही विद्यार्थी गेल्या वर्षी गळलेला नाही. डायरीत काय लिहावं असं ते मला विचारत होते. मी लोणच्याची बाटली पुढं सरकवली.

दुपारी १.४५

मंगळवारी समुपदेशक येतात, नाशिकहून, दुपारी दोन ते चार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या; १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं त्यात आहे. पूर्णवेळ माणूस मिळणं आणि त्याचा पगार, दोन्ही आमच्यासारख्या ठिकाणी कठीण. आठवड्यातले दोन तास तर मिळाले.

सुरुवातीला खोली दिली होती ग्रंथालयासमोर, बाहेर ठळक पाटी: ‘समुपदेशन कक्ष’. महिनाभर कोणी फिरकलं नाही. फिरकणार कसं? आत गेलं की अख्खं ग्रंथालय बघतं. आता ताई बसतात करिअर कट्ट्याच्या खोलीत. आत जाणारा नोकरीच्या जाहिराती बघायला गेला की रडायला, बाहेरच्याला कळत नाही. तेव्हापासून यादी भरलेली असते.

माझं काम दारापर्यंत आणून सोडण्याचं. शिक्षकानं समुपदेशक व्हायला जाऊ नये, या मताची मी आहे. मी गुणही देते, हजेरीही लावते. माझ्यापुढं पोरगं मोकळं होईल कशाला? मला ओळखता आलं पाहिजे, बस. ‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ येतं. म्हणून झोपेचं विचारायचं, जेवणाचं विचारायचं. रात्री किती वाजता झोपलास, सकाळी काय खाल्लंस, शेवटचं क्रिकेट कधी खेळलास. आज ज्याला पाठवलं तो प्रथम वर्षाचाच. बारावी मराठीतून ऐकत-समजत काढलेली, आता संगणकशास्त्राचं सगळं इंग्रजीत. तो वर्गात पहिल्या बाकावर बसतो आणि दहा दिवसांपासून वही कोरी. आधी मला वाटलं, हा ब्रिज कोर्सचा विषय. आम्ही पहिल्या सत्रात इंग्रजीसाठी तो चालवतो, शनिवारी. पण ‘रात्री झोप?’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘पहाटे चारला येते.’ हे व्याकरणानं सुटण्यातलं नव्हतं. ताईंकडं नेलं, दार लावलं, आणि आत काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. ताईंनी बाहेर येऊन फक्त एवढं सांगितलं की पुढच्या मंगळवारचा पहिला नंबर त्याचा ठेवा.

मधल्या सहा दिवसांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये साठवून दिला. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कोणत्या नावानं साठवू, असं त्यानं विचारलं. घरचे फोन बघतात. ‘परीक्षा विभाग’ म्हणून साठवला.

दुपारी ३.१५

कमवा व शिका. योजनेला विद्यापीठानं कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव दिलंय आणि ते शोभतंही; साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात त्यांनी श्रम करून शिकण्याची पद्धत कधीच रुजवली होती. आमच्याकडं मुलं आवारातली झाडं, ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालयातली डेटा एंट्री अशी कामं करतात, तासाच्या हिशेबानं मानधन.

तासांचे तक्ते तपासले. एका मुलाचे तास सारखे कमी. बाग दिलेली त्याला. कामचुकार म्हणावा तर वर्गात चोख. शेवटी कळलं, बागेचा पट्टा मुलींच्या कॉमन रूमसमोर आहे. आता ‘श्रमाची लाज कसली’ यावर व्याख्यान देता आलं असतं. ते त्याला दरवर्षी २२ सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीला, मिळतंच. त्याला ग्रंथालयाच्या मागच्या दालनात संध्याकाळचं पुस्तकं लावायचं काम दिलं. बाग ज्याला मनापासून आवडते असा दुसरा होताच. वाडवडील नर्सरीवाले, तो कोणी बघतंय म्हणून उलट जास्त फुलतो.

मग लेखनिकाचं पत्र. आमच्या एका दृष्टिबाधित विद्यार्थिनीची सत्र परीक्षा नोव्हेंबरात, पण लेखनिक आत्तापासून शोधावा लागतो. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपराला पूर्ण एक तास. वेळ मिळतो, चांगलं लिहिणारा हात मिळत नाही. गेल्या वेळच्या लेखनिकाचं अक्षर असं की तपासनिसाला वाचवलं नसावं, असं तिचं स्वतःचं म्हणणं. ‘मॅडम, यंदा मी निवडणार. मला त्याचं वाचून दाखवायला लावा, जो थांबत थांबत नीट वाचतो तो नीट लिहितो.’ कनिष्ठ महाविद्यालयातल्या चार मुलांची ती शनिवारी चाचणी घेणार आहे. यात मला सल्ला देण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोली उघडून द्यायची एवढंच.

सायंकाळी ४.३०

बसस्थानकापर्यंत पायी. पावणेपाचच्या गाडीला सकाळची टीसीवाली पोरगी दिसली, खिडकीशी. बॅच बदलली असल्याची चिठ्ठी तिच्या हातात मी दुपारीच दिली होती, विभागप्रमुखांच्या सहीची.

रात्री ८.४०

स्वयंपाक उरकत असताना फोन. मागं वाऱ्याचा आवाज.

‘मॅडम, मी पोरीचा बाप बोलतो. दाखला दिला नाही म्हणे तुम्ही.’

‘दादा, दाखला कुठं पळून जात नाही. मागाल तेव्हा मिळेल. तिनं चिठ्ठी दाखवली का?’

दाखवली होती. धाकट्या पोरानं वाचून दाखवली. त्यांनी एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. म्हणजे आता कोणत्याच दिवशी साडेचारच्या पुढं थांबायचं नाही? नाही. आणि परीक्षा? प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आधी कळतो, त्या दिवशी गावात राहणाऱ्या मैत्रिणीकडं सोय करू, तुम्ही आधी येऊन घर बघा. फी? शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही इथं भरून घेऊ. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागेल, जातीचा आहेच. वसतिगृहाची यादी लागली की कळवते.

बराच वेळ नुसता वारा. मग म्हणाले, ‘दोन दिस आवणी आहे. तेवढी उरकू द्या. शुक्रवारी धाडतो.’

‘गुरुवारी धाडा. गुरुवारी नवी बॅच आहे, पहिल्याच दिवशी गैरहजर नको. आवणीला एक हात कमी पडेल, पण...’

‘तिची आई बघंल.’ आणि मग, ठेवता ठेवता, ‘पण मॅडम, फाट्यावरची ती दुसरी गाडी लई भरून येती. फाट्यावर थांबतच न्हाय कधी कधी. मागल्या आठवड्यात पोरीला हात करून करून सोडून गेली.’

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पोरीनंही नाही. फाट्यावरून किती मुलं चढतात विचारलं. त्यांच्या अंदाजानं आमची आणि हायस्कुलाची मिळून पंधरा-वीस. म्हणजे हा एका पासाचा मामला नाही. उद्या पहिल्या तासाआधी हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांना गाठायचं, मुलांची नावं आणि पासांचे नंबर गोळा करायचे आणि दोन्ही संस्थांच्या शिक्क्यांनी आगारप्रमुखांना पत्र द्यायचं, असं ओट्यावरच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं. प्राचार्य अकराला नाशिकला जाणार आहेत, त्यांची सही त्याआधी घ्यायची.